येणाऱ्या चित्राची दवंडी

चित्रपटगृहातील दिवे मालवले आणि पडदा उजळला, तरी ज्या चित्रासाठी आपण पैसे मोजले ते काही लागलीच सुरू होत नाही. प्रथम येतात त्या पुढे यावयाच्या चित्रांच्या झलकी. दोन-अडीच मिनिटांत एक प्रेम जुळते, एक घर मोडते, एक मोटार दरीत कोसळते, कोणीतरी मान वळवून आपल्याकडे रोखून पाहते आणि एक तारीख झळकून सारे पुन्हा काळोखात विरते. त्यानंतर प्रेक्षागारात जी कुजबूज उठते ती मोठी ऐकण्यासारखी असते. ‘हे पाहावयास हवे’, ‘छे, यात काही जीव दिसत नाही’, असे निवाडे तेथल्या तेथे, शेजाऱ्याच्या कानात होऊन जातात. शेकडो माणसांनी वर्ष-दोन वर्षे खपून सिद्ध केलेल्या कृतीला एवढाच काय तो सुनावणीचा अवकाश! आता तर या न्यायदानासाठी चित्रपटगृहापर्यंत जाण्याचेही कारण उरलेले नाही. मुरबाडहून कल्याणास येणाऱ्या एस.टी. गाडीत कोपऱ्यातील बाकावर बसलेला तरुण हातातील फोनवर तीन झलकी पाहतो, दोन निकालात काढतो आणि म्हारळ येण्यापूर्वी तिसरी मित्राकडे पाठवून मोकळा होतो.

हा जो पहिला ग्रह, तो नेमका कशाविषयीचा? चित्राविषयीचा, की चित्राची दवंडी पिटणाऱ्याविषयीचा? हा प्रश्न आम्हांस शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या संबंधाने विशेष मनोरंजक वाटतो. मुंबईच्या मनुष्यास दवंडी आणि चित्र यांत फारसे अंतर नसते. भित्तिपत्रक पाहिले की पुढच्या चौकात चित्रपटगृह. परंतु सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेल्या या दोन तालुक्यांत पिढ्यान्‌पिढ्या वार्ता आधी येई, चित्र मागाहून येई, आणि पुष्कळदा वार्ताच तेवढी येई. मुंबईने १८९२ सालापासून शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी नेले. तिने या मुलखास उलट जे जे पाठविले, त्यांत ‘मुंबईत काय लागले आहे’ ही बातमी बरीच वरच्या क्रमांकाची मानावी लागेल.

झलकेला इंग्रजीत ‘ट्रेलर’ म्हणतात, म्हणजे मागून ओढत येणारी. पुढे येणाऱ्या चित्राच्या जाहिरातीस हे नाव का पडावे, याचे कोडे अनेकांस पडते. उत्तर साधे आहे. आरंभी ही फीत मुख्य चित्राच्या शेपटास जोडलेली असे. १९१३ साली न्यूयॉर्क येथे मार्कस लो यांच्या नाट्यगृहांची जाहिरात पाहणाऱ्या निल्स ग्रॅनलंड या गृहस्थाने ‘द प्लेझर सीकर्स’ या संगीतिकेच्या तालमींची छोटीशी फीत करून दाखविली. ती या जातीची पहिली झलक होय असे सामान्यतः मानतात. पुढे असे ध्यानात आले की, चित्र संपताच लोक टोप्या सावरीत दाराकडे निघतात आणि शेपटाकडे पाहावयास कोणी थांबत नाही. तेव्हा शेपूट काढून डोक्यास लावण्यात आले. नाव मात्र जुनेच राहिले. १९१९ साली अमेरिकेत केवळ झलकी पुरविणारी स्वतंत्र कंपनीही निघाली. म्हणजे कृती करणारा एक आणि तिची दवंडी पिटणारा दुसरा, ही फाळणी त्या काळातली. ती पुढे आपल्या कामास येणार आहे, म्हणून वाचकांनी लक्षात ठेवावी.

आमच्याकडे या धंद्यास शास्त्र होते, आणि ते फार जुने. भरताच्या नाट्यशास्त्रात भारती वृत्तीची जी चार अंगे सांगितली आहेत त्यांत ‘प्ररोचना’ हे एक आहे. नाटक सुरू होण्यापूर्वी त्याची प्रशंसा करून प्रेक्षकांचे चित्त त्याकडे वळवावयाचे, हे प्ररोचनेचे कार्य. आजच्या झलकेची याहून निराळी व्याख्या आम्हांस तरी करता येत नाही. हर्षाच्या ‘रत्नावली’त सूत्रधार प्रयोगाच्या जमेच्या बाजू एकामागून एक मोजून दाखवितो: कवी निपुण, सभा गुणग्राही, वत्सराजाची कथा लोकांस प्रिय, आणि आम्ही नट आमच्या कामात कुशल. आजच्या झलकेतही दिग्दर्शकाचे नाव, मागील यशाची आठवण, कथेचे आकर्षण आणि नटांचे चेहरे हीच चार द्रव्ये घातलेली असतात; फक्त प्रेक्षकांच्या गुणग्राहकतेची स्तुती गळाली, ती का गळाली याचा विचार ज्याचा त्याने करावा. ‘मालविकाग्निमित्रा’च्या प्रस्तावनेत तर अधिक मौजेचा प्रसंग आहे. भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे नावाजलेले कवी असता या नव्या कालिदासाचे नाटक का म्हणून पाहावे, अशी शंका तेथे रंगभूमीवरच काढली जाते आणि जुनेपणा हे गुणाचे प्रमाण नव्हे असे तिला उत्तर दिले जाते. स्वतःच्या नाटकाविषयीची शंका स्वतःच्याच जाहिरातीत उघड बोलून दाखविणारी झलक आमच्या पाहण्यात अद्याप आलेली नाही. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हाही आधी सूत्रधार आणि नटी आली, मग दुष्यंत. या सर्व प्रकारात एक गोष्ट समान होती. प्रशंसा करणारा मनुष्य त्याच मंडळीतला असे आणि प्रयोग फसला तर पडद्याआड तोही सापडे.

आता कल्याणास येऊ. कल्याण हे आमच्या दोन्ही तालुक्यांचे दार आहे. येथून एक वाट आसनगावावरून शहापूर, कसारा आणि घाट चढून नाशिककडे जाते. दुसरी मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाटाकडे वळते. पहिल्या वाटेस आगगाडी मिळाली, दुसरीस नाही, आणि दोन्ही तालुक्यांच्या स्वभावांत जो फरक पडला तो बराचसा त्यामुळे. याच कल्याणात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. संस्कृतात शांबरिक म्हणजे मायावी, जादूगार. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगविलेली पौराणिक चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर मोठी करून दाखवावयाची आणि बरोबरीने कथा, गाणी आणि संवाद म्हणावयाचे, असा हा खेळ. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसनच्या हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविली गेली, त्याच्या काही वर्षे आधीच कल्याणच्या एका घरात पडद्यावर चित्रे चालविण्याची खटपट सुरू होती, ही गोष्ट ठाणे जिल्ह्यातील वाचकांनी अभिमानाने स्मरण्यासारखी आहे. आम्हांस त्यात विशेष महत्त्वाचे वाटते ते हे की, खरोलिकेत चित्र आणि बोलणारा यांची ताटातूट झालेली नव्हती. पडद्याशेजारी माणूस उभा असे, आणि कथा रंगली नाही तर श्रोत्यांच्या चुळबुळीवरून त्याला ती तत्काळ समजे.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातही दवंडीचे स्थान मोठे आहे, आणि त्याकडे लेखकांचे असावे तितके लक्ष गेलेले नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्यापूर्वी भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी एक लहानशी फीत घेतली. कुंडीत पेरलेल्या वाटाण्यास अंकुर फुटून त्याचा वेल कसा होतो, हे त्यांनी रोज थोडे थोडे टिपून मिनिट-दोन मिनिटांत दाखविले. ही फीत पैसे गुंतविणाऱ्यांस दाखविण्यासाठी होती. अर्थात ती येणाऱ्या चित्राची झलकच म्हणावयाची, जरी तिच्यात येणाऱ्या चित्रातील एकही दृश्य नव्हते. तिने आश्वासन दिले ते कथेचे नव्हे, तर करणाऱ्याच्या हाताचे. ज्यांनी तो वाटाणा पाहून पैसे दिले त्यांचा पहिला ग्रह बरोबर ठरला. पुढे २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया नाट्यगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमात ते चित्र सर्वांसाठी लागले. त्या वेळच्या जाहिरातीत हरिश्चंद्राच्या जोडीला एक नाच, एक विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा एक कसरतपटू यांचीही हमी दिलेली होती! सत्यवादी राजास एकट्याने लोकांपुढे पाठविण्याचा धीर खेळ लावणाऱ्यास झाला नसावा.

पण याहून नामांकित जाहिरात निराळी आहे. सुरतेस पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले, तेव्हा फाळक्यांनी अशी जाहिरात केल्याचे सांगतात की, अवघ्या तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहावयास मिळेल. युक्ती लागू पडली. आम्ही सहज कुतूहलाने हा हिशेब करून पाहिला. पस्तीस मिलिमीटरच्या फितीच्या एका फुटात सोळा चित्रे बसतात. ५७,००० चित्रांस सोळाने भागले असता ३,५६२ फूट येतात, आणि ‘राजा हरिश्चंद्रा’ची लांबी ३,७०० फुटांच्या आसपास होती असे नमूदही आहे. मैल ५,२८० फुटांचा. म्हणजे चित्रांचा आकडा प्रामाणिक, परंतु लांबी पाऊण मैलही भरत नाही. दोन मैलांचा दावा तिपटीने फुगविलेला! ज्या चित्राचा नायक दिलेला शब्द पाळण्यासाठी राज्य सोडतो, त्या चित्राची दवंडी अशी असावी, याची आम्हांस मौज वाटते. तथापि आम्ही फाळक्यांस दोष देणार नाही. सुरतेच्या त्या प्रेक्षकास चित्राची लांबी मोजावयाची नव्हतीच. आपल्या तीन आण्यांत पोटभर मिळेल की नाही एवढेच त्याला हवे होते, आणि ते त्याला मिळाले. शिवाय फाळके स्वतः चित्राबरोबर गावोगाव फिरत असत. लांबीविषयी कोणी विचारलेच असते तर उत्तर देण्यास तेथे ते होते. १९१३ सालीच त्यांनी आपला कारखाना नाशिकास हलविला. त्यानंतर तेथून मुंबईस जाणाऱ्या फितींच्या पेट्या थळ घाट उतरून आसनगाव स्टेशनावरूनच गेल्या असणार. शहापूरच्या फलाटावर उभे असलेल्या गाडीवाल्याने ‘लंकादहन’ची पेटी डोळ्यांसमोरून जाताना पाहिली असेल, हनुमान मात्र त्याला दिसला नसेल.

चित्रमय भित्तिपत्रकाची कला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी नावारूपास आणली. ते आधी नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार, तेव्हा चित्राची जाहिरातही चित्रानेच करावी हे त्यांना सुचणे स्वाभाविक होते. हिंदी चित्रपटसृष्टीतील आज टिकून असलेल्या सचित्र भित्तिपत्रकांत सर्वांत जुने म्हणून ज्याचा निर्देश होतो ते त्यांच्याच ‘कल्याण खजिना’ या १९२४ सालच्या मूकपटाचे. विषय आमच्या दारातला! १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली, त्या मोहिमेभोवती जी कथा लोकांत रूढ झाली तिच्यावर हे चित्र बेतलेले. लगोलग शहापूरचा माहुली किल्लाही महाराजांकडे आला. या मुलखाची कथा कोल्हापुरास रंगविली गेली आणि कागदावर छापून ठिकठिकाणी चिकटविली गेली. चित्राची फीत काळाच्या पोटात गेली, दवंडी मात्र उरली. अशा वेळी आमच्या हाती पहिला ग्रह एवढाच राहतो, आणि शेवटचा ग्रहही तोच.

आता ज्या ठिकाणी हा प्रश्न खरोखर रसरसून येतो तेथे जाऊ, म्हणजे जत्रेत. मुरबाड तालुक्यात म्हसा येथे पौष पौर्णिमेस खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. तिचा बैलबाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा यात्रांतूनच महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील मनुष्याने चित्रपट पाहिला. मालमोटारीतून तंबू, पडदा आणि प्रक्षेपणयंत्र यावयाचे, बांबू ठोकले जावयाचे, दाराशी रंगीत कापडे लागावयाची आणि तिन्हीसांजेस कर्णा बोलू लागावयाचा. कर्ण्यामागे बसलेला पुकारा करणारा मनुष्य हा त्या तंबूचा सूत्रधार. डोंगराळ पट्ट्यातील ठाकर, कातकरी, कोळी मंडळीस असा पूर्वरंग नवा नव्हता; बोहाड्यात संबळ आणि पिपाणी यांचा सूर बदलला की आता कोणते सोंग येणार हे लहान पोरासही कळे. कर्ण्यावरच्या माणसाला असा सूर लाभलेला नव्हता, म्हणून तो तोंडाने सारे करी. तलवारींचा खणखणाट, नायिकेचा हुंदका, घोड्यांच्या टापा, सर्व एकाच घशातून.

तंबूंचे दिवस भरात असताना अशाच एका जत्रेतील एक पुकारा आम्ही ऐकला आहे. लागावयाचे चित्र होते एका संताचे. शेजारच्या तंबूत मारामारीचे चित्र लागलेले आणि गर्दी तिकडे वाहत चाललेली. आमच्या सूत्रधाराने थोडा वेळ वाट पाहिली आणि मग संतचरित्रात ‘जबरदस्त फायटिंग’ असल्याचे जाहीर करून टाकले. तंबू भरला. चित्रात फायटिंग म्हणण्याजोगे होते ते एवढेच की, गावगुंडांनी संताच्या अंगावर दगड टाकले आणि संताने हात जोडले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या पालात पाच-सहा शेतकऱ्यांनी त्या गृहस्थास गाठले. ‘‘काय हो पावणं, फायटिंग कुठं होती?’’ तो चहाचा पेला खाली ठेवून म्हणाला, ‘‘दादा, दगड खाऊन उलटा हात उगारला नाही, याहून मोठी फायटिंग तुम्ही कधी केलीत का?’’ मंडळी हसली. एका म्हाताऱ्याने मात्र हसण्यास नकार दिला. ‘‘ते झाकपाक ऱ्हाऊ दे. आज रातीला खरं काय हाय ते सांग,’’ असे तो म्हणाला. आणि त्या रात्री कर्ण्यावरून खरे तेच सांगितले गेले. आम्ही मुद्दाम ऐकावयास उभे राहिलो होतो. गर्दी आदल्या रात्रीच्या निम्मी जमली.

ही निम्मी गर्दी आमच्या मनातून जात नाही. खरे सांगणाऱ्याचे नुकसान झाले, हे उघड आहे. पण त्याला खरे सांगावयास लावणारा मनुष्य त्याच्या हाताच्या अंतरावर होता, हेही तितकेच उघड आहे. आजच्या झलकेशी तिचा प्रेक्षक चहाच्या पालात भेटत नाही. ती बहुधा चित्र करणाऱ्याच्या हातचीही नसते. झलकी कापणारे कारागीर निराळे, त्यांची कसबे निराळी. दृश्यांचा क्रम उलटासुलटा करावा, एकाच्या प्रश्नास दुसऱ्या प्रसंगातील उत्तर जोडावे, मूळ चित्रात नसलेले संगीत खाली घालावे, चित्रातील चार विनोद असतील तर चारही आधीच वाटून टाकावेत, ही त्या कलेची रूढ साधने आहेत. अडीच तासांच्या चित्रातून अडीच मिनिटे निवडावयाची म्हणजे साठातील एक अंश घ्यावयाचा. मुठीतल्या तांदळावरून पोत्याची परीक्षा वाणी आणि गृहिणी दोघेही करतात. पण ती मूठ पोत्यात आपण हात घालून काढलेली असते, दुकानदाराने वरून ठेवलेली नसते. म्हणून झलक पाहून ‘यात दम नाही’ असे म्हणणारा आणि ‘पहिल्याच दिवशी पाहणार’ असे म्हणणारा हे दोघेही आमच्या मते एकाच गोष्टीविषयी बोलत असतात, आणि ती गोष्ट चित्र नव्हे.

एरवी यात फार बिघडत नाही. दोनशे रुपये गेले, एक संध्याकाळ गेली. परंतु कधी कधी झलकेत जे दाखविले जाते ते आपलेच असते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांनी १९४२ च्या लढ्यात ‘आझाद दस्ता’ उभारला, मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ रोजी पहाटे मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. दर वर्षी त्या तारखेस लोक सिद्धगडास जाऊन अभिवादन करतात. या कथेवरील ‘शहीद भाई कोतवाल’ हा मराठी चित्रपट २०२० साली आला. आता या चित्राच्या झलकेपुढे मुरबाडच्या प्रेक्षकाची स्थिती कशी विलक्षण होते पाहा. झलकेचे सारे बळ ‘पुढे काय?’ या प्रश्नात असते, आणि तो तर या मुलखास ठाऊक आहे. नारिवलीच्या बाजूच्या वृद्धास झलक नवे काही सांगत नाही. तो केवळ ताडून पाहतो. रान असे होते का, माणसे अशी बोलत का, थंडी तेवढी दिसते का. त्याचा पहिला ग्रह हा वास्तविक पहिला नसतोच. तो घरातील सांगण्यावरून फार पूर्वी झालेला असतो.

त्याच्या नातवाची गोष्ट निराळी. त्याने कथा घरी ऐकलेली नसेल, आणि फोनवर दोन मिनिटांची झलक आधी पाहिली, तर त्याच्या मनात कोतवालांचा चेहरा कायमचा एका नटाचा होतो. नट चांगला असेल, दिग्दर्शक प्रामाणिक असेल. आमची तक्रार त्यांच्याविषयी नाही. उलट आजोबाने न सांगितलेली कथा त्यांनी सांगितली हे त्यांचे उपकारच आहेत. पण मग आजोबाने ती का सांगितली नाही, आणि नातवाने ती का विचारली नाही, हा जाब आम्ही कोणा चित्रकंपनीस विचारू शकत नाही. तो आमच्याच ओटीवर विचारावा लागतो. झलक पाहून झाल्यावर ‘हे खरेच असे झाले का?’ असे एखाद्या मुलाने वडीलधाऱ्यास विचारले असेल, तर ती झलक कशीही कापलेली असो, तिने फाळक्यांच्या वाटाण्याचे काम केले असे आम्ही म्हणू.

त्या वर्षी जानेवारीत तीन तारखा या मुलखात एकापाठोपाठ आल्या. २ तारखेस सिद्धगडाचा स्मृतिदिन होता, १० तारखेस पौष पौर्णिमा म्हणून म्हसा यात्रेचा दिवस, आणि २४ तारखेस चित्रपट प्रदर्शित झाला. पुढे दोन महिने पुरते भरण्याच्या आत महामारीमुळे चित्रपटगृहांस टाळी लागली. त्या मुदतीत ज्यांना कल्याणपर्यंत जाऊन चित्र पाहणे जमले नाही, अशी पुष्कळ माणसे टोकावडे आणि डोळखांबच्या बाजूस असणार; त्यांच्याजवळ तूर्त झलक होती आणि ज्यांना सिद्धगड आठवतो असे थोडे वृद्ध होते.